"पाला मोडू का ताई?" - तुम्ही काय सांगता?

चिमणचारा

लिहू की नको करत शेवटी धागा काढतेच आहे. मंडईत आमच्या ठरलेल्या मावशी आहेत, मुळ्याची जुडी पिशवीत टाकायच्या आधी विचारणार "पाला मोडू का ताई?" आणि माझ्या तोंडून आपोआप "हो मोडा" निघतं. फ्लॉवरला तर विचारतही नाहीत, सुरीचे दोन फटके मारले की पानं खाली. परवा सहज खाली बघितलं तर माझ्या गड्ड्याएवढाच ढीग पाल्याचा. म्हटलं आज नाही मोडायचा, सगळं द्या. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं आता विचारतील, ताई गाय घेतली का.

फ्लॉवरचा पाला घरी आणला, धुतला, पालकासारखा चिरला, लसणाची फोडणी दिली आणि झाकण ठेवून शिजवला. वीस मिनिटांनी सुद्धा चघळत बसावं असा चिवट दोरखंड आणि वर उग्र वास. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि "वेगळं आहे" म्हणाला. (आमच्याकडे "वेगळं आहे" म्हणजे परत करू नकोस.) मुळ्याचा पाला मात्र त्याच दिवशी मूगडाळ घालून केला तो बरा झाला, डब्यात पण नेला.

तर फ्लॉवरच्या पाल्याचं नक्की करायचं काय, आणि बीट, गाजर, नवलकोल यांचा पाला तुम्ही खाता का, कसा करता, आणि कुठला अजिबात खायचा नाही हे सगळं सांगा. गुगल करून आले आहे, तिथे सगळे पेस्टो करायला सांगतायत, मला पोळीशी खायचंय.

तिखटजाळ

ही सगळी नावं वाचली. आमच्या गावाला यातलं सगळं खातात. गुरं.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

रच्याकने (बाय द वे) मावशी म्हणजे मंडईत शिरल्यावर उजव्या हाताला कडेला बसतात त्याच का? मी पण तिथूनच घेतो.

चिमणचारा

@तिखटजाळ हो त्याच, हिरवी छत्री! जग लहान आहे. आणि पुढचा प्रतिसाद पाककृतीसकट द्या, नुसती गुरं नकोत.

सुगरण_नसलेली

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी पण टाकूनच देते. वाचतेय.

पाटावरवंटा

मुळ्याच्या पाल्याला मूगडाळ बरोबरच, पण एकदा पीठ पेरून करून बघ. पाला अगदी बारीक चिरायचा, मुळा कोवळा असेल तर थोडा त्यातच किसून टाकायचा. फोडणीत लसूण आणि सुकी मिरची, पाला घातला की पहिली पाच मिनिटं झाकण ठेवायचं नाही, तो वास उघड्यावर उडून जातो. नंतर बेसन भुरभुरवायचं, कडेने तेल सोडायचं आणि मग झाकण. मीठ शेवटी घाल, पाला चिरल्यावर परातभर दिसतो आणि शिजला की वाटीभर होतो, त्या परातीच्या अंदाजाने मीठ पडलं की संपलं.

फ्लॉवरचा पाला मात्र आमच्या घरात कधी झाला नाही. खरं तर माझ्या आजेसासूबाईंच्या लेखी फ्लॉवर हीच भाजी नव्हती, विलायती म्हणायच्या, श्राद्धाच्या स्वैपाकात कोबी फ्लॉवर चालायचे नाहीत. त्यामुळे गड्डाच उशिरा आला तिथे पाल्याची पाककृती कुठून असणार.

बाबूमोशाय_ठाणे

आजेसासूबाईंचं चूक नाही. फ्लॉवरचं बी १८२२ साली इंग्लंडहून आलं, सहारनपूरच्या कंपनी बागेत पहिल्यांदा लावलं असं शेतकीच्या पुस्तकांत असतं. म्हणजे दोनशे वर्षंच झाली. आणि उत्तरेतून इकडे घरोघरी यायला त्यातली बरीच गेली असतील.

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कलकत्त्यात होतो, तिथे या धाग्याला कोणी विषयच मानणार नाही. बाजारात दुधीच्या वेलाचे शेंडे पानांसकट जुड्या बांधून विकतात, लाउ शाक. लाल भोपळ्याचे शेंडे म्हणजे कुमडो शाक. फ्लॉवरचे देठ आणि पानं बटाटा, वांगं, मुळा यांच्याबरोबर चच्चडी नावाच्या मिश्र भाजीत जातात, मोहरीचं तेल आणि पाँचफोडन. कधी माशाचं डोकं पण. माझी घरमालकीण दुधीची साल बारीक चिरून खसखस लावून परतायची आणि भात त्याच्याशीच संपायचा. मी तिला एकदा म्हटलं आमच्याकडे वेलाचे शेंडे टाकून देतात, तर म्हणाली मग वेल कशाला लावता.

आठळी

अहो साल म्हटलं की मग दोडक्याच्या शिरांची चटणी आलीच पाहिजे, ती बंगाल्यांना माहीत नसेल :) शिरा काढायच्या, तेलावर कुरकुरीत होईस्तोवर परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची. आमच्याकडे दोडका आणतात तो चटणीसाठी, भाजी होते म्हणून खायची.

आणि कोकणात देठ टाकणाऱ्याला माफी नाही. लाल माठाचे जाड देठ सोलून, बोटभर तुकडे करून सुक्या कोलंबीबरोबर, किंवा वालाबरोबर आणि वर ओलं खोबरं. अळूच्या देठांची देठी, देठ सोलून उकडून कुस्करायचे आणि दही, हिरवी मिरची, तुपाची जिऱ्याची फोडणी. शेवग्याच्या शेंगा लोक खातात, पाला टाकतात, आमच्याकडे गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी नसेल तर अष्टमी झालीच नाही. पानं ओरबाडताना मधल्या काड्या तेवढ्या काढायच्या, नाहीतर घशात टोचतात.

संपादक

धागा पाल्याचा आहे, साली आणि शिरा थोड्या चालतील. रानभाज्यांवर वेगळा धागा आहे, टाकळा, कुर्डू तिकडे.

आठळी

मी टाकळ्याचं नाव पण घेतलं नव्हतं हो!

संपादक

घेणार होतात.

सुगरण_नसलेली

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

कास्तकार_वऱ्हाडी

नमस्कार मंडळी. मी फ्लॉवर लावतो, दरवर्षी एक एकर तरी. दोन गोष्टी सांगतो, एक तुम्हाला आवडेल, एक नाही.

आवडणारी आधी. हा पाला "वाया" जातो हे शहरातलं गणित आहे. झाडावर पाला गड्ड्याचं ऊन अडवतो, गड्डा पिवळा पडू नये म्हणून आम्ही वरची पानं मोडून त्याच्यावर झाकतो किंवा बांधतो. तोडणीला खालची पानं ठेवूनच तोडतो, कारण गाडीत गड्ड्याला गड्डा घासला की काळा डाग पडतो आणि अडत्या लगेच भाव पाडतो. तो पाला म्हणजे आमचं पॅकिंग. शेतात उरलेल्यावर शेळ्या सोडतो, मग रोटर मारतो, जमिनीत जातो. मंडईत पडलेला गुरांवाला घेऊन जातो. तुमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यात प्लॅस्टिकबरोबर गेला की मग तो वाया.

आता न आवडणारी. कोबी फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी येते, पानाची चाळण करते. फवारा मारला की पहिला पानावरच बसतो, गड्डा आत असतो. औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की फवारणीनंतर इतके दिवस तोडणी नाही. बाजार चढला की किती जण थांबतात ते मी इथे लिहीत नाही. मी घरी खायला चार ओळी वेगळ्या ठेवतो, एवढं सांगितलं म्हणजे समजा. बाहेरची पानं काढा, आतली कोवळी घ्या, आणि भरपूर पाण्यात दोन तीनदा धुवा. थोडीशी अळीनं खाल्लेली पानं दिसली तर तोंड वाकडं करू नका, जिथे अळी जगते तिथे औषध कमी.

बाकी आमच्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात ते पण तुमच्या यादीत टाका. खुडलं की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे भाजी मिळते आणि घाटे पण वाढतात. कोवळ्या पाल्याचा घोळाणा करायचा, कांदा, हिरवी मिरची, मीठ, वरून कच्चं तेल, आणि सोबत भाकर. पाल्यावर आंब असते, आंबट लागतो, लिंबू लागत नाही. पाला धुऊ नका म्हणतात जुने लोक, आंब जाते. राहिला तर वाळवून ठेवा, उन्हाळ्यात डाळीत टाका. सोबत सांबाराच्या काड्या.

सुगरण_नसलेली

सांबाराच्या काड्या?? सांबारात काड्या कशाला

कास्तकार_वऱ्हाडी

सांबार म्हणजे कोथिंबीर हो. तुमच्याकडे जे इडलीबरोबर मिळते ते आमच्याकडे सांबर, अन् सांबार ते सांबार.

बाबूमोशाय_ठाणे

नागपूरला पहिल्या दिवशी हॉटेलात "वरून सांबार टाकू का" विचारलं होतं आणि मी पोह्यावर हात आडवा धरला होता. तेव्हापासून आदर आहे.

तिखटजाळ

कास्तकारसाहेब, म्हणजे मी म्हणालो ते बरोबरच, गुरांचंच आहे. बाकी माहिती उत्तम, मोदक घ्या.

सहज विचारतो, ते पीठ पेरून जे करतात त्यात बेसनच लागतं की ज्वारीचं चालतं? मला करायचं नाहीये. सहज.

पाटावरवंटा

चालतं ना, पण ज्वारीचं आधी कोरडं भाजून घ्यायचं, नाहीतर भाजी गिचका होते.

राइनकाठी

धागा बघून राहवलं नाही. जर्मनीत आहे, बारा वर्षं झाली. इथे नवलकोल म्हणजे कोलराबी लोक प्रेमाने खातात, पण दुकानातच पानं पिरगाळून बाजूच्या खोक्यात टाकून जातात, मुळ्याचा आणि गाजराचा पाला पण. ते खोकं माझ्यासाठी खजिना. पहिल्या वर्षी लाजत लाजत काउंटरवर विचारलं की पाला घेऊ का, तर बाई एकदम खूष, म्हणाली "घ्या घ्या, किती ससे आहेत तुमच्याकडे?" इथे पाला नेणारा म्हणजे ससेवाला हे पक्कं. मी म्हटलं दोन. एक सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि एक बालवाडीत.

तेव्हापासून ती माझ्यासाठी पिशवी भरून ठेवते आणि सशांची चौकशी करते. मोठ्या सशाला एकदा सोबत नेला होता, त्याने हात पुढे केला आणि ती म्हणाली हे कोण, मी म्हटलं जाऊ दे.

आता पाककृती. नवलकोलची पानं मी काश्मिरी शेजारणीकडून शिकले, तिकडे मोंजी हाक म्हणतात. पानं चिरायची नाहीत, अख्खी किंवा हाताने मोडून. तेल चांगलं तापवून (खरं मोहरीचं हवं), हिंग, सुकी लाल मिरची, पाणी, पाण्याला उकळी आली की पानं आणि मीठ. बस. हळद नाही, मसाला नाही, मऊ होईपर्यंत शिजवून रश्श्यासकट भातावर घ्यायचं. मराठी जिभेला पहिल्यांदा वाटतं यात काहीतरी राहिलंय. तिसऱ्यांदा वाटतं नाही राहिलं.

गाजराचा पाला विषारी असतो असं मला तीन जणींनी सांगितलं होतं, तसं काही नाही, कडवट असतो एवढंच. नुसत्याची चटणी केली तर गवत खाल्ल्यासारखं, निम्मी कोथिंबीर, भाजलेले दाणे, लसूण आणि लिंबू घालून छान. पण रूबार्ब नावाचं इथे एक असतं, त्याचे लाल आंबट देठ खातात आणि पानं मात्र विषारी, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड फार. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाजीचा तुटवडा म्हणून ही पानं खायला सांगितली होती आणि माणसं दगावली. त्यामुळे "देठ खातात म्हणजे पान पण चालेल" हा न्याय सगळीकडे लावू नका.

सुगरण_नसलेली

"एक सॉफ्टवेअरमध्ये आहे" मी ऑफिसमध्ये फुटले

डॉ_खलबत्ता

कुठला खायचा नाही हे कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. बटाट्याचा पाला नाही, त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं, तेच हिरव्या पडलेल्या बटाट्यात असतं. टोमॅटो आणि वांग्याचा पाला पण त्याच घराण्यातला, परदेशी शेफ टोमॅटोची दोन पानं सॉसमध्ये टाकतात ते सोडा, भाजी करायची नाही. अळूचं पान देठ कच्चट राहिलं तर घसा खाजतो कारण सुईसारखे स्फटिक असतात, नीट शिजवा, चिंच किंवा ताक घाला.

बिटाची पानं पालकाच्याच घराण्यातली, चव पण तशीच, ऑक्झॅलेट पण तसंच. मुतखडा होऊन गेलेल्यांनी रोज रोज नको. रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू असेल त्यांनी धागा वाचून उत्साहात एकदम आठवडाभर पालाच पाला सुरू करू नये, पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि गोळीचं गणित बिघडतं. खा, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

बाबूमोशाय_ठाणे

डॉक्टर, पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम फ्लॉवरच्या पाल्यात ४० मिलिग्रॅम लोह आणि ६२६ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय. गड्ड्यापेक्षा कितीतरी पट. म्हणजे आपण डबा टाकून झाकण खातोय की.

डॉ_खलबत्ता

आकडा माहीत आहे, त्याच्यावर फार नाचू नका. पाल्यात किती आहे आणि शरीरात किती मुरतं यात फरक आहे, पालेभाजीतलं लोह थोडंच मुरतं. लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा पिऊ नका, मग जरा बरं. पण कॅल्शियमच्या बाबतीत हा पाला पालकापेक्षा चांगला, यात ऑक्झॅलेट कमी असतं.

तिखटजाळ

पुण्यात जेवणाला लागून चहा पिऊ नका म्हणे. डॉक्टर, तुम्ही बाहेरचे दिसता.

वैतागवाडी

सगळं छान आहे. एक प्रामाणिक प्रश्न, हे निवडतं कोण? जुडीतला मुळा दोन मिनिटांत किसून होतो, पाला निवडायला, तीनदा धुवायला, चिरायला पाऊण तास. साडेसातला घरी येणाऱ्या बाईने हे करायचं आणि मग शेवटी वाटीभर भाजी. काटकसर, पर्यावरण, पोषण, सगळ्याचा निवाडा ओट्याशीच का होतो? इथे किती पुरुष आयडींनी स्वतः पाला निवडलाय हात वर करा.

बाबूमोशाय_ठाणे

हात वर. कलकत्त्यात एकटा होतो, दुसरा इलाजच नव्हता. ठाण्यात आल्यावर खाली.

कास्तकार_वऱ्हाडी

मी पिकवतो, चालेल का.

तिखटजाळ

.

वैतागवाडी

@तिखटजाळ टिंब म्हणजे काय समजायचं

पाटावरवंटा

वैतागवाडी, अनुमोदन गं. मी रिटायर झाल्यावर पाला निवडायला लागले, नोकरीत असताना मीही "मोडा" च म्हणायचे. रविवारी एकदा निवडून, धुऊन, पंचावर कोरडा करून कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला तर तीन चार दिवस राहतो, एवढंच सुचवू शकते. आणि पंचा पसरायचं काम घरातल्या कोणालाही जमतं.

एसटीची_खिडकी

दोन दिवस वाचतेय. एरवी मी लिहीत नाही.

राइनकाठी यांचा सशाचा किस्सा वाचला आणि खूप हसले. आणि मग हसू थांबलं, कारण माझी आई पण हेच सांगायची.

आम्ही लालबागला चाळीत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी सातवीत. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटायचं आता मिटेल. मग बाबा गावी गेले, परत आले, परत गेले. आई संध्याकाळी मला घेऊन भायखळ्याच्या भाजी मार्केटकडे चालत जायची. तिथे गाड्या उतरवून झाल्यावर फ्लॉवरचा, मुळ्याचा पाला पडलेला असायचा, पायाखाली न आलेला बघून ती पिशवीत घालायची. चाळीत वर चढताना कोणी विचारलं की म्हणायची, पोरांनी ससा पाळलाय ना, त्याला. आमच्याकडे ससा नव्हता. शेजारच्या काकूंना पण माहीत होतं नव्हता, त्यांनी कधी विचारलं नाही की दाखव. एकदा फक्त त्यांच्या मुलाने विचारलं तर काकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

तर चिमणचारा, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला येतं. तुमचं चुकलं ते असं की पान आणि शीर एकत्र शिजवली. फ्लॉवरच्या पानाची मधली पांढरी शीर आधी ओढून वेगळी काढायची. पाणी उकळून त्यात मीठ टाकून पानं घालायची, उघडंच ठेवायचं, झाकण घातलं की तो उग्र वास आतच फिरतो. चार पाच मिनिटं. मग निथळून, गार पाणी मारून, मुठीत घट्ट पिळायची आणि अगदी बारीक चिरायची, पालकासारखी नाही, कोथिंबिरीसारखी. लसूण जास्त, सुकी मिरची, कांदा असला तर कांदा. पाला चांगला परतला की भाजलेलं पीठ, आई ज्वारीचंच घालायची कारण बेसन महाग. वाफ आणायची. शिरा टाकायच्या नाहीत, वरचं दोरे असलेलं साल ओढून काढलं की आतलं कोवळं निघतं, त्याचे तुकडे आमटीत, शेवग्याच्या शेंगेच्या ऐवजी. आम्हा भावंडांत त्या तुकड्यांवरून भांडणं व्हायची.

मी आज मंडईत "मोडा" म्हणते. ऐपत आहे म्हणून म्हणते, हे मला माहीत आहे. आई होती तोवर तिच्यासमोर मी कधी फ्लॉवर निवडला नाही, ती जेवायला यायच्या आधी पाला खाली टाकून यायचे. तिला दिसू नये म्हणून की तिने उचलून घेऊ नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

कोणाला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही. पाककृती द्यायची होती.

राइनकाठी

ताई, काय लिहू कळत नाही. माझ्या किश्शाबद्दल क्षमा मागावी का तेही कळत नाही.

एसटीची_खिडकी

अगं क्षमा कसली. मोठ्या सशाला नमस्कार सांग.

पाटावरवंटा

काकूंचा धपाटा. वाचताना चष्मा काढावा लागला.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. सुकडी मिळायची ती आणि बांधावरची पाथरी, एवढंच सांगायची. पाथरीला तिने नंतर आयुष्यात हात लावला नाही. आणि आता तीच पाथरी मॉलमध्ये... असो. संपादक म्हणतील रानभाजी.

संपादक

नाही म्हणत.

कास्तकार_वऱ्हाडी

शिरा आमटीत टाकायचं मला माहीत नव्हतं. चार ओळी घरच्या आहेत त्यातून उद्याच करायला सांगतो. म्हणजे करतो. वैतागवाडी ताई बघताहेत.

आठळी

शिरा सुक्या जवळ्यात पण चांगल्या लागतील असं वाटतंय. जवळा भाजून, कांदा, कोकम. करून सांगते.

सुगरण_नसलेली

मी बिटाचा पाला केला!! कांदा परतून त्यात आधी देठ बारीक चिरून आणि मग पानं आणि शेवटी दाण्याचं कूट. पोळी गुलाबी, ताट गुलाबी, ओटा गुलाबी. मुलगी म्हणाली युनिकॉर्नची भाजी आणि दोनदा घेतली. दहा वर्षं पालक खाऊ घालायला मी काय काय केलंय आणि उत्तर रंगात होतं. फोटो टाकायचा प्रयत्न केला, जात नाहीये.

डॉ_खलबत्ता

छान. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये लाल दिसलं तर घाबरून फोन करू नका, बीटच आहे. हे आधीच सांगून ठेवतो, दर हिवाळ्यात दोन तरी फोन येतात.

वैतागवाडी

अपडेट. नवऱ्याला धागा वाचायला दिला. एसटीची_खिडकी यांचा प्रतिसाद वाचून गप्प झाला आणि रविवारी मुळ्याचा पाला त्याने निवडला. पाऊण नाही, दीड तास लागला आणि मध्ये एक मॅच पण पाहिली. पण निवडला. एक गोगलगाय सापडली ती बाल्कनीतल्या कुंडीत सोडली आहे, तिचं नाव ठेवायचं चाललंय.

चिमणचारा

अरे किती छान प्रतिसाद, मी आजारी होते म्हणून चार दिवस आले नाही, आज सगळं वाचलं. एसटीची_खिडकी, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला गेले आणि अर्ध्यात त्याला मोबाइल द्यावा लागला.

आता ऐका. आज मुद्दाम मंडईत गेले, तुमच्या पद्धतीने करायचं म्हणून. मावशींना म्हटलं फ्लॉवर द्या आणि पाला मोडू नका, आणि बाकीचा पडलेला कोवळा असेल तो पण द्या. तर म्हणाल्या "ताई आता कुठला, आत्ताच एक काका सगळा घेऊन गेले. पानं उलटी सुलटी करून बघत होते, फोनमध्ये वाचत होते, मला म्हणाले मावशी शीर कुठली आणि देठ कुठला." मावशी म्हणे मी विचारलं गाय घेतली का, तर काका म्हणाले नाही, ससा.

@तिखटजाळ ???

तिखटजाळ

ज्वारीचं पीठ भाजून घेतलं होतं. पिळायला कमी पडलो त्यामुळे थोडी गिचका झाली. शिरा आमटीत टाकल्या. बायकोने दुसऱ्यांदा आमटी घेतली, तेव्हा काय टाकलंय ते सांगितलं, मग तिसऱ्यांदा घेतली.

उद्या तुम्ही आधी जा, मी दहानंतर जाईन.